खिशातलं लेणं

जुन्नर-आंबेगावात पेनड्राइव्ह ही मुळात गाण्यांची वस्तू. ट्रॅक्टरवाल्याकडे एक, पिकअपवाल्याकडे दोन, आणि नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्यांभोवती घुटमळणाऱ्या रसिकाकडे वगांनी गच्च भरलेला तिसरा. सकाळी हरिपाठ, दुपारी लावणी, आणि ऊस घेऊन कारखान्यावर जाताना जे लागेल ते. त्या बोटभर दांडीत आख्खा संगणक मावतो, म्हणजे त्याची सगळी कार्यप्रणाली, फायली, इंटरनेट आणि वर तीनशे-चारशे हत्यारं, असं मी सांगितलं की आमच्या पारावरची माणसं मान डोलावतात आणि विचारतात, "बरं, पण काकड आरती आहे का त्यात?"

माझ्या पेनड्राइव्हमध्ये काकड आरती नाही, लाइव्ह लिनक्स आहे. कुठल्याही संगणकाला तो लावायचा, संगणक त्यावरून सुरू करायचा आणि कामाला लागायचं. त्या संगणकाच्या हार्ड डिस्कला हात लागत नाही. सगळा कारभार रॅममध्ये चालतो आणि बटण बंद केलं की रॅमबरोबर विरून जातो.

'त्यावरून सुरू करायचा' हे लिहायला सेकंद लागतो, करायला अर्धा तास. बूटचा मेनू कुणाच्या संगणकात एफ-टूने उघडतो, कुणाच्या एफ-ट्वेल्व्हने, कुणाच्या एस्केपने, तर कुणाच्या डिलीटने. ती कळ नेमक्या त्या दोन सेकंदांत दाबायची, ज्या दोन सेकंदांत माणूस चष्मा शोधत असतो. हुकलं की विंडोज हजर, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यातून पार पडलात तर सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीच्याच प्रणालीला सुरू होऊ देणारा राखणदार, आडवा येतो. डेबियन या लिनक्सला तो २०१९ पासून, म्हणजे दहाव्या आवृत्तीपासून ओळखतो. सुरक्षा तपासणाऱ्यांच्या काली लिनक्सला ओळखत नाही, तेव्हा आधी त्यालाच बंद करावं लागतं.

लाइव्ह लिनक्सची ही कल्पना लोकप्रिय केली ती जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी, २००० च्या सुमारास. त्यांच्या नॉपिक्सने सातशे एमबीच्या एका सीडीवर दोन जीबीच्या घरातलं सॉफ्टवेअर दाबून बसवलं होतं. संगणकांची सुरक्षा तपासणाऱ्या मंडळींना हे फारच मानवलं, कारण त्यांचं काम रोज परक्या कार्यालयात आणि परक्या यंत्रावर. २००६ मध्ये व्हॅक्स आणि ऑडिटर या दोन डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सच्या तयार बांधण्या, एकत्र येऊन बॅकट्रॅक झाली, आणि तिची नव्याने बांधणी होऊन १३ मार्च २०१३ रोजी काली लिनक्स आली. आमच्या मावशींनी पेनड्राइव्हवर 'काली' लिहिलेलं वाचलं आणि तो देव्हाऱ्यात ठेवला. हळदीकुंकू यूएसबीच्या खाचेत गेलं नाही, ही देवीचीच कृपा.

पुणेही मागे नव्हतं. २००७ पासून तिथे क्लबहॅक नावाची परिषद भरू लागली, आणि डिसेंबर २००९ च्या परिषदेत मॅट्रिअक्स ही भारतीय सुरक्षा-डिस्ट्रो लोकांसमोर आली. लिथियम, क्रिप्टॉन, लिअँड्रॉस अशी तिच्या आवृत्त्यांची नावं. क्रिप्टॉनमध्ये पाया डेबियनचा आणि हत्यारं तीनशेहून जास्त. पुढे हे काम थंडावलं. स्वयंसेवकांच्या जोरावर चालणाऱ्या कामांचं जगभर असंच होतं. डिस्ट्रो काढायला उत्साह पुरतो, ती चालवायला मात्र दर आठवड्याला कुणीतरी बसावं लागतं, आणि दरम्यान त्या कुणाला तरी नोकरी लागते, लग्न होतं, घराचे हप्ते सुरू होतात.

पण डिस्ट्रो थांबली तरी ती बांधायची अवजारं कुठे जात नाहीत. डेबियनमध्ये लाइव्ह-बिल्ड नावाचं अवजार आहे. काय हवं त्याची यादी एका फाइलीत लिहायची, आपल्या आवडीच्या सेटिंग एका फोल्डरमध्ये ठेवायच्या, दोन-तीन आज्ञा द्यायच्या, आणि पेनड्राइव्हवर उतरवता येईल अशी एक आयएसओ फाइल हातात येते. कालीवालेही आपली डिस्ट्रो याच अवजाराने बांधत आले आहेत. तेव्हा मी आणि अवसरीच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा माझा भाचा, आम्ही आमची घरगुती डिस्ट्रो काढायचं ठरवलं. नाव ठेवलं 'लेण्याद्री'. नावावर एकमत झालं. त्यानंतर मात्र कशावरच झालं नाही.

"मामा, सगळं टाकू," भाचा म्हणाला.

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. कालीत तसं पॅकेजच आहे, 'एव्हरीथिंग' नावाचं. एक ओळ लिहायची, विषय संपला."

भाच्याच्या यादीत नेटवर्कवरचे संगणक शोधणारं एनमॅप होतं, वायरशार्क होतं, मेटास्प्लॉइट, पासवर्ड फोडणारा जॉन द रिपर, हायड्रा, वायफायवरचं एअरक्रॅक, सगळा गोतावळा होता. एनमॅपवर त्याचा विशेष जीव, कारण २००३ च्या 'मॅट्रिक्स रीलोडेड' चित्रपटात नायिका वीजकेंद्राच्या संगणकात शिरताना तेच वापरते. मी त्याला म्हटलं, आपल्याला वीजकेंद्रात शिरायचं नाही, तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे पाच संगणक बघायचेत. त्याचा चेहरा उतरला. पण यादी एका ओळीनेही उतरली नाही.

तेव्हा मी त्याला खऱ्या लेण्याद्रीवर घेऊन गेलो. गोळेगावातून वर चढणाऱ्या पायऱ्या तीनशेच्या आसपास, नेमका आकडा ज्याच्या त्याच्या दमावर. वर तीसेक लेणी ओळीने कोरलेली, आणि त्यातल्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात गिरिजात्मज. अष्टविनायकांपैकी डोंगरावर आणि लेण्यात बसलेला हा एकच गणपती. मुळात हा बौद्ध भिक्षूंचा विहार. तिन्ही बाजूंनी मिळून वीस खोल्या, आणि मध्ये प्रशस्त दालन, ज्याला एकही खांब नाही. वर आख्खा डोंगर आणि खाली टेकू कशाचाच नाही. भाविक गाभाऱ्याकडे बघतात, ते बरोबरच आहे. पण एकदा मान वर करून छताकडेही बघावं.

"हे बांधलं कसं असेल?" भाच्याने विचारलं. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, प्रश्न रास्त होता.

हे बांधलेलंच नाही. इथे दगडावर दगड ठेवलेला नाही. होता तो कातळ, आणि त्यातून नको तेवढं काढून टाकलं. जे काढलं त्याचं दालन झालं आणि जे ठेवलं त्याची भिंत झाली. काय काढायचं हे ज्याला कळत होतं त्याने खांबही काढला, आणि छत अठराशे वर्षांनंतरही जागेवर आहे. सगळंच ठेवलं असतं तर आज तिथे काय असतं? डोंगर असता. डोंगर आधीपासूनच होता.

आपली डिस्ट्रो करणं म्हणजे नेमकं हेच, असं मला वाटतं. डेबियनच्या भांडारात हजारो पॅकेजं पडलेली आहेत, तो आपला सह्याद्री. त्यात भर घालायला शहाणपण लागत नाही, एक ओळ पुरते. शहाणपण लागतं ते छिन्नी लावताना. पतसंस्थेत वायफायच नसेल तर एअरक्रॅक कशाला? ज्या हत्याराची भाषा आपल्याला कळत नाही, त्याने दिलेला निकाल आपण वाचणार कसा? आणि जे हत्यार चुकून चालवलं तर समोरच्याचा सर्व्हर झोपवेल, ते खिशात घेऊन फिरायचंच कशाला? पायऱ्या उतरेपर्यंत यादीतली निम्मी नावं गेली. लेणं कोरणाऱ्यापेक्षा आमचं बरं होतं. त्याचा घाव चुकला की चुकला. जुन्नरजवळच्याच मानमोडीच्या डोंगरातलं एक चैत्यगृह तर अर्धवटच राहिलंय. आम्ही लाइव्ह-बिल्डला 'एलबी क्लीन' एवढी आज्ञा दिली की कातळ पुन्हा कोरा.

काढून झाल्यावर घालायची पाळी आली, तेव्हा पहिला मान मराठीचा. तयार डिस्ट्रोला जुन्नर तालुक्यातल्या संचालक मंडळाची काळजी नसते. तपासणीचा अहवाल इंग्रजीत दिला तर तो फाइलीला लागतो, मराठीत दिला तर वाचला जातो. डेबियनमध्ये मराठी डेस्कटॉपसाठी वेगळं पॅकेज आहे आणि देवनागरीसाठी लोहित हा टंक आहे. हा टंक मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला, रेड हॅटने तो सर्वांसाठी खुला केला. असं दान नावानिशी नोंदवायची रीत इकडे जुनीच. वर लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहात, एक शिलालेख आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं हे दान. जुन्नरच्या इतर लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या, बांबूचं काम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणींची, म्हणजे संघांची, नावं आहेत, आणि यवनांचीही. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजबरोबर एक बदलनोंदीची फाइल येते. तीत कुणी, कधी, काय दुरुस्त केलं ते नावानिशी असतं. दानाचा लेख कोरायची पद्धत मोडलेली नाही, फक्त छिन्नी बदलली.

"फुकट आहे म्हणजे हलकं असणार," हे वाक्य लिनक्सबद्दल मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तर तयार असतं. खोडदला जाऊन या म्हणतो. तिथे आणि आसपास मिळून प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्या महाकाय रेडिओ दुर्बिणीतून येणाऱ्या संकेतांचं गणित लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांच्या ताफ्याने केलेलं आहे. आकाशगंगांना जे चालतं ते पतसंस्थेला चालायला हरकत नसावी. मात्र खोडदच्या आसपास वायरलेसचे प्रयोग करू नकोस, असं भाच्याला बजावावं लागलं. तिथे शास्त्रज्ञ पल्सारचा आवाज ऐकत असतात, त्यात ह्याचं राउटर नको.

मग प्रत्यक्ष बांधणी. काही जीबी पॅकेजं उतरवायची, त्यांची एक व्यवस्था लावायची, आणि शेवटी ती सगळी स्क्वॅशएफएस या दाबलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फायलीत कोंबायची. आमच्याकडे शेतीची वीज बरेचदा रात्री असते. लोक बिबट्याच्या भीतीने बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी द्यायला निघाले, तेव्हा आम्ही उलटी सोय केली: पंपाच्या वेळेला संगणकाने तोंड घालायचं नाही, कारण पंप सुरू झाला की घरातले दिवे माना टाकतात. बांधणी पहाटे. उतरवलेली पॅकेजं घरातच साठवून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी इंटरनेटचे तेच पैसे दोनदा जायला नकोत. हा सल्ला कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर हवा, पण पुस्तकं लिहिणाऱ्यांना बहुधा मोबाइलचं रिचार्ज स्वतः मारावं लागत नसावं.

तयार झालेल्या फाइलीचा ठसा काढायचा. एसएचए-२५६ नावाचं गणित त्या आख्ख्या फाइलीतून चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढून देतं. फाइलीत एक स्वल्पविराम जरी हलला तरी ओळ पार बदलते. लेण्याद्रीच्या पायऱ्या तुमच्या आणि माझ्या मोजणीत दहा-वीसने वेगळ्या आल्या तर गणपती रागावत नाही. इथे एका अक्षराचा फरक पडला तर फाइल फेकून द्यायची. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटचं संकेतस्थळ फोडून कुणीतरी तिथली लिंक बदलली आणि एका दिवसापुरती लोकांनी चोरदरवाजा बसवलेली आयएसओ उतरवून घेतली. सुरक्षा तपासायचं हत्यारच कुणीतरी आधी तपासून ठेवलेलं असावं, यासारखी नामुष्की नाही. आणि ठसा त्याच पानावर लिहिलेला बघून उपयोग नाही, कारण लिंक बदलणारा ठसाही बदलू शकतो. म्हणून त्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, तीही पडताळायची.

यानंतर मामा-भाच्यात खरा वाद झाला तो स्मरणाचा. स्क्वॅशएफएसवर काही लिहिता येत नाही. आपण जे काही करतो ते त्यावर पांघरलेल्या एका पातळ थरात जातं, आणि तो थर रॅममध्ये असतो. बंद केलं की गेला. हवं असेल तर पेनड्राइव्हवर 'पर्सिस्टन्स' नावाचा एक कप्पा करता येतो, मग केलेलं काम टिकतं. भाच्याला सगळं टिकायला हवं होतं: पासवर्ड, नोंदी, डेस्कटॉपवरचं ट्रेकचं छायाचित्र. मला काहीच नको होतं. परक्याच्या संगणकाची माहिती आपल्या खिशात घेऊन एसटीने फिरणं हे मला पटत नाही. एसटीत पाकीट जातं, पेनड्राइव्ह का नाही जाणार?

लेण्यांवर हाच प्रश्न उलटा पडलाय. तिथला कातळ फक्त वाचण्यासाठी आहे, पुरातत्त्व खात्याचा फलक तसं सांगतो. तरी येणारा प्रत्येक तिसरा प्रेमिक दगडावर बदाम काढून दोन नावं कोरतो. सह्याद्रीला रॅम नाही. प्रेम पुढच्या मंगळवारी संपतं, बदाम दोन हजार वर्षं राहतो. लेण्यांनाही तो पातळ थर असता, संध्याकाळी दरवाजा बंद झाला की दिवसभराचे बदाम पुसले जाणारा, तर पुरातत्त्व खात्याचं आणि पुढे लग्न दुसरीकडे झालेल्यांचं, दोघांचंही भलं झालं असतं.

शेवटी तडजोड झाली. कप्पा ठेवायचा, पण कुलूपबंद, लक्स पद्धतीने कूटबद्ध केलेला, आणि त्यात फक्त आमच्या सेटिंग आणि अहवालाचा मसुदा. कालीत तर असा एक जादा पासवर्ड ठेवता येतो, की तो टाकला तर कुलपाच्या किल्ल्याच नष्ट होतात आणि आतलं कुणालाच, मालकालाही, पुन्हा दिसत नाही. भाचा ही सोय घालायला उतावीळ होता. घरात दोन वर्षांची पुतणी आहे आणि ती दिसेल ती कळ दाबते, एवढं सांगितल्यावर आग्रह मावळला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ज्याला एकही पॅकेज लागत नाही त्यात, म्हणजे परवानगीत. मी 'सुरक्षा तपासतो' हे गावात कळल्यापासून लोक वेगळीच कामं घेऊन येतात. एकाला भावकीतल्या माणसाचं व्हॉट्सॲप वाचायचंय. एकाला सातबाऱ्यावरचं नाव 'आतून' बदलून हवंय. एका गृहस्थाला मुलाचे बारावीचे गुण, निकाल लागण्याआधी, फक्त 'बघून' हवे होते, आणि जमल्यास थोडे वाढवून. लेण्याद्रीची माकडंही येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीची अशीच तपासणी करतात. चेन उघडून, कप्पा न कप्पा पालथा घालून, आणि सापडलेलं केळं अहवालाशिवाय खाऊन टाकतात. हात त्यांचाही कुशल आहे. परवानगी आणि अहवाल या दोनच गोष्टी नाहीत.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं त्याच्या कलम ४३ मध्ये बसतं. तेच लबाडीच्या हेतूने केलं तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून पतसंस्थेकडून आधी लेटरहेडवर पत्र घेतलं: कुठले संगणक, कुठल्या तारखेला, काय तपासायचं आणि कशाला हात लावायचा नाही. संचालकांनी सुरुवातीला हसून घेतलं, "आपल्याकडे कोण येतंय?" मी त्यांना ऑगस्ट २०१८ ची आठवण करून दिली. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ तारखेला मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातली मोठी रक्कम २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी काढली गेली. त्यानंतर सही लगेच झाली. चहाही आला.

तपासणीच्या दिवशी भाचा काळा टी-शर्ट घालून आला होता. पेनड्राइव्ह लावला, 'लेण्याद्री' सुरू झाली, काळ्या पडद्यावर अक्षरं धावू लागली आणि कॅशियर बाई खुर्ची मागे सरकवून उभ्या राहिल्या. एनमॅपने पाच संगणक आणि एक विसरलेला प्रिंटर दाखवला. मुख्य संगणकाचा पासवर्ड मात्र जॉन द रिपरला विचारावाच लागला नाही. संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल, सलग. दोन्ही गोष्टी बाहेरच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेल्या, रात्री वरती ट्यूबलाइटही. भाच्याला फार वाईट वाटलं. इतकी हत्यारं आणली आणि उपयोगी पडले ते डोळे.

अहवाल दोन पानी झाला, लोहित टंकात, मराठीत. पासवर्ड बदला, राउटरवर कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड ठेवू नका, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा, बॅकअप वेगळ्या जागी घ्या. पाटी तशीच ठेवायला हरकत नाही.

तुम्हालाही अशी डिस्ट्रो करावीशी वाटली तर जरूर करा. लाइव्ह-बिल्ड फुकट आहे, आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, आणि पहिल्या यादीतून निम्मी नावं खोडलीत की ती तुमची होऊ लागते. पण तोवर थांबू नका. आज रात्री घरच्या राउटरच्या मागचं स्टिकर वाचा, आणि त्यावर छापलेला पासवर्ड अजून चालत असेल तर बदलून टाका. त्याला लिनक्स लागत नाही. परवानगी घरातल्यांचीच लागते, आणि नवा पासवर्ड त्यांना सांगितलात की तीही मिळते.